'गटारीला निधी नाही' म्हणजे नेमके काय नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या वडगाव भागातल्या तुमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत पेव्हर्स बसले, कोपऱ्यावर हायमास्ट उभा राहिला, आता स्वागत कमान मंजूर झाली आहे. पण घरामागचा नाला गाळाने तुंबलेलाच आहे आणि पावसाळ्यात पाणी स्वयंपाकघरापर्यंत येते. नगरसेवकांकडे गेलात की एकच उत्तर मिळते, 'गटारीला निधी नाही.' मग पैसा जातो कुठे, आधी काय व्हायला पाहिजे, आणि सगळ्या गल्लीने घरपट्टी थांबवली तर महापालिकेला जाग येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझी नोकरी पालिकांच्या लेखा विभागात झाली. बरीच वर्षे बेळगाव जिल्ह्यातल्या पुरसभांमध्ये, म्हणजे लहान शहरांच्या नगरपालिकांमध्ये होतो, शेवटची महापालिकेत. त्यामुळे हे उत्तर हिशेबाच्या बाजूने आहे. राजकारणावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यात मी भर घालत नाही.

नगरसेवक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. निधी नाही हे खरे असते, पण कशासाठी नाही ते कोणी सांगत नाही. नवे बांधायला पैसा वरून येतो. बांधलेले चालवायला, साफ ठेवायला आणि दुरुस्त करायला पैसा जवळजवळ सगळा शहरानेच उभा करायचा असतो. या दोन थैल्या वेगळ्या आहेत. तुमची कमान पहिल्या थैलीतून येते आणि नाल्यातला गाळ दुसऱ्या थैलीतून निघतो. पहिलीत पैसे दिसतात म्हणून दुसरीतही असतील असे आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. तुमची गल्ली कोणाच्या हद्दीत आहे? वडगाव, शहापूर, अनगोळ, टिळकवाडी हे भाग महापालिकेचे, कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, तर हिंडलगा, कंग्राळी यांसारखी शहराला चिकटलेली गावे ग्रामपंचायतींची. आणि तुम्ही जुन्या गल्लीत नसून एखाद्या लेआउटमध्ये असाल, तर तो लेआउट बुडाकडून, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून, किंवा खासगी मालकाकडून महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाला आहे का, हेही बघा. हस्तांतर झाले नसेल तर तिथल्या गटारीच्या देखभालीला महापालिकेच्या अंदाजपत्रकात जागाच नसते. वर्षानुवर्षे निवेदने देऊन थकलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या फायलीत शेवटी एवढीच एक ओळ निघायची. तुम्ही निपाणी, खानापूर, संकेश्वर अशा गावचे असता तर कायदाही बदलला असता. नगरसभा, पुरसभा आणि पट्टण पंचायतींना १९६४ चा कर्नाटक नगरपालिका कायदा लागतो, महापालिकेला १९७६ चा. थैल्यांचे गणित मात्र सगळीकडे सारखेच आहे.

वरून येणाऱ्या पैशाला नाव चिकटलेले असते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या २० शहरांत बेळगाव होते. त्या योजनेत केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच राज्याचा वाटा धरलेला होता. रस्ते, दिवे, बागा, बसथांबे यांची कामे त्यासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीमार्फत झाली. त्या पैशातून वडगावच्या नाल्यातला गाळ दरवर्षी काढता येत नव्हता, कारण योजना उभारणीची होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी १० लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातही ६० टक्के रक्कम बांधलेली होती. त्यातली निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. ही बंधने मला योग्य वाटतात. ती नसती तर तो पैसाही रस्त्याच्या दुभाजकात गेला असता.

राज्य वित्त आयोगाच्या अनुदानातून पगार आणि वीजबिलाचा मोठा भाग निघतो. विजेचा वाटा पालिकेच्या हातात न येताच परस्पर हेस्कॉम या वीज कंपनीकडे वळवला जातो. कागदावर कोटींची जमा दिसते, ती बघून लोक म्हणतात, 'एवढे पैसे आले तरी काही होत नाही.' पण त्यातले बरेच येण्याआधीच खर्ची पडलेले असते.

उरली स्वतःची जमा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, व्यापार परवाने, बांधकाम परवानगीचे शुल्क. त्यातही घरपट्टीच्या चलनावरची सगळी रक्कम महापालिकेची नसते. वाचनालय, आरोग्य, भिक्षेकरी पुनर्वसन असे उपकर त्यात मिळवलेले असतात आणि ते त्या त्या खात्याकडे भरावे लागतात. शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के, इतर दुर्बलांसाठी ७.२५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. या राखीव रकमेकडे बोट दाखवून 'त्यामुळे आमचे काम होत नाही' म्हणणारे लोक भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. गटार, पाणी आणि संडास यांची सगळ्यात वाईट अवस्था ज्या वस्त्यांत असते तिथेच हा पैसा जायचा असतो, आणि वर्षअखेरीला तो पूर्ण खर्च झाला का हे विचारणारे कोणी नसते. तुमच्या नाल्याच्या काठावर अशी वस्ती असेल तर तिच्यासोबत मिळून मागणी करा.

आता तुमच्या नाल्याकडे येतो. माझ्या मते खरी गाठ निधी वाटण्याच्या पद्धतीत आहे.

बेळगाव महापालिकेचे ५८ वार्ड आहेत. सभेत नव्या कामांचा पैसा आला की सगळ्यांत सोपा, भांडण न होणारा तोडगा एकच असतो, प्रत्येक वार्डाला सारखी रक्कम. दिसायला हे न्याय्य आहे. पण समजा एका वार्डाच्या वाट्याला २० लाख आले. एवढ्यात नाल्याच्या उगमापासून मुखापर्यंतचे काम होत नाही. त्यात बसते काय? शंभर मीटर पेव्हर्स, एक हायमास्ट, एक कमान. म्हणून तीच कामे होतात. आणि नाला एका वार्डात सुरू होत नाही, एका वार्डात संपत नाही. पाच-सहा वार्डांतून वाहणाऱ्या नाल्याची जबाबदारी कोणत्याच नगरसेवकाच्या वाट्याला पूर्णपणे येत नाही. वरच्या वार्डाने काठ बांधून घेतला की पाणी जास्त वेगाने खालच्या वार्डात जाते. बळ्ळारी नाल्याचे दुखणे तुम्हाला माहीत आहेच. तो शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी घेऊन येळ्ळूर, जुने बेळगाव, हलगा भागातल्या शिवारातून जातो. जलपर्णी आणि गाळाने तुंबला की भाताची शेते पाण्याखाली जातात. शहराची हद्द संपली की खाते बदलते, अधिकारी बदलतात. पाण्याला हद्द कळत नाही, पण बिल कोणी काढायचे हे हद्दीवरच ठरते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. 'आमच्या वार्डात गटार बांधा' ही मागणी सोडा. तिच्यामुळे तुमच्या गल्लीत गटार होईल, ती पुढच्या तुंबलेल्या नाल्याला जोडली जाईल आणि पाणी उलट तुमच्याच गटारीतून वर येईल. नाला कुठून कुठपर्यंत जातो ते आधी चालून बघा, त्या सगळ्या वार्डांतले दोन-दोन लोक गोळा करा आणि एकच मागणी घेऊन जा की या नाल्याची सफाई वार्डनिहाय वाटपातून बाहेर काढून एकाच अंदाजपत्रकी शीर्षाखाली, एकाच कामात, मुखाकडून वरच्या दिशेने करावी. मुखाकडून म्हणालो ते मुद्दाम. वरून साफ करत आलात तर सुटलेला गाळ खाली जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मृग नक्षत्र लागते ७-८ जूनच्या सुमारास, आणि नालेसफाईचे टेंडर पुष्कळदा मे महिन्यात उघडते. मग वळवाच्या पावसात यंत्र नाल्यात उतरते, थोडा गाळ काठावर काढून ठेवला जातो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर तो परत आत जातो. बिल मात्र निघालेले असते. पाहणी जानेवारीत व्हावी, टेंडर फेब्रुवारीत निघावे, एप्रिलमध्ये काम चालू असावे. एका पुरसभेत आम्ही एवढा एकच बदल केला होता आणि त्या पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरले नाही. पैसा पूर्वीइतकाच लागला.

तिसरी गोष्ट गाळ कुठे गेला ती. लेखा विभागात बिल तपासताना मी सर्वांत आधी हेच बघत असे. मोजमाप पुस्तकात किती घनमीटर गाळ काढला ते लिहिलेले असते. तेवढा गाळ वाहून न्यायला टिपरच्या किती खेपा लागतील हे साध्या भागाकाराने कळते. खेपांची नोंद आहे का, गाळ कुठे टाकला त्या जागेचे नाव आहे का, काम सुरू असताना आणि संपल्यावर काढलेले फोटो आहेत का, हे विचारा. या नोंदी मागणारे नागरिक आहेत एवढे कळले तरी पुढच्या वर्षीचे काम वेगळे होते, असा माझा अनुभव आहे.

'आधी काय?' या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा मी अंदाजपत्रक करताना काय बघत असे ते सांगतो. प्रत्येक सेवेपुढे मी विचारायचो, ही आठ दिवस बंद पडली तर काय होईल आणि कोणाचे होईल? पाणी बंद पडले तर सगळ्यांचे हाल होतात, पण बोअर किंवा टँकर परवडतो तो तग धरतो आणि बाकीचे उन्हात घागर घेऊन उभे राहतात. कचरा उचलणे थांबले तर आठव्या दिवशी आजार सुरू होतात. नाला तुंबला तर सखल भागातली घरे बुडतात. बाग आठ दिवस बंद राहिली तर वाईट वाटते, पण कोणी आजारी पडत नाही. या कसोटीवर पहिले तीन मान पाणी, सफाई आणि सांडपाणी यांचे, त्यानंतर पथदिवे आणि रस्त्यांची डागडुजी. हे पाच व्यवस्थित चालू आहेत असे दिसले की मगच नव्या शोभेच्या कामांकडे बघावे.

पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तिथे सर्वाधिक पैसा जातो आणि सर्वाधिक गैरसमजही तिथेच आहेत. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येते आणि ते उपसून आणावे लागते. म्हणजे नळाला येणाऱ्या प्रत्येक घागरीमागे विजेचे बिल आहे. उन्हाळा आला की 'आणखी पाणी आणा' अशी मागणी होते. पण २००८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा इथल्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, त्याने वेगळेच दाखवले. तिथे नवे धरण बांधलेले नव्हते. जुन्या गळक्या वाहिन्या बदलल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, गळती शोधून बंद करण्याची कायमची व्यवस्था केली, आणि पूर्वी ठरावीक वेळी पाणी मिळणाऱ्या भागांत दिवसभर पाणी येऊ लागले. हा प्रयोग आपल्याच शहरात झाला आहे, परगावचे उदाहरण शोधायची गरज नाही. गळती बंद करणे हे देखभालीचे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात त्याची तरतूद सर्वात आधी छाटली जाते. अशी कात्री लागताना मी पाहिली आहे आणि दर वेळी त्याची किंमत पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी मोजली आहे.

सफाईचेही तसेच. घनकचरा नियमांप्रमाणे ओला, सुका असा कचरा घरातच वेगळा करायचा आहे. तो एकत्र आला की सगळा तुरमुरीच्या डेपोपर्यंत वाहून न्यावा लागतो. डिझेल वाढते, गाड्यांची झीज वाढते आणि डेपोशेजारच्या गावाला दुर्गंधी सोसावी लागते. ओला कचरा जवळच जिरवला तर तो खर्च वाचतो आणि तीच रक्कम सफाई कामगारांवर घालता येते. कर्नाटकात ७०० लोकसंख्येमागे एक सफाई कामगार असे प्रमाण धरलेले आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. तेव्हाच्या आकड्यावरच हिशेब केला तरी जवळजवळ ७०० कामगार लागतात, आणि शहर त्यानंतर किती वाढले ते तुम्ही बघताच आहात. तुमच्या वार्डात प्रत्यक्ष किती जण कामावर येतात हे सकाळी सहाला हजेरीच्या ठिकाणी उभे राहिले की कळते. त्यांना हातमोजे आणि बूट मिळतात का, हेही त्याच वेळी बघा. कमानीच्या आधी त्यांचा हक्क आहे.

कमानीला, बागेला माझा सरसकट विरोध नाही. वस्तीत मुलांना खेळायला जागा हवीच. पण नव्या कामाच्या मंजुरीच्या वेळी एक प्रश्न विचारायची सवय शहराने लावून घ्यावी की हे उभे राहिल्यावर दरवर्षी चालवायला किती खर्च येणार आणि तो कोणत्या शीर्षातून निघणार? बागेला माळी, रखवालदार, पाणी, वीज लागते. शोभेच्या दिव्यांचे बिल येते. योजना संपते, कंपनी काम सोपवून मोकळी होते, आणि देखभाल त्याच दुसऱ्या थैलीत येऊन पडते जिच्यातून तुमचा नाला साफ व्हायचा असतो. प्रत्येक नवी शोभेची वस्तू नाल्याच्या पैशात वाटेकरी होते.

हे सगळे मांडायचे कुठे? अंदाजपत्रक मार्चमध्ये सभेत वाचले जाते तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधी नागरिकांची अंदाजपत्रकपूर्व बैठक होते. तिची सूचना कधी निघते यावर डिसेंबरपासून लक्ष ठेवा. बैठकीला मोजकीच मंडळी येतात, म्हणून दहा जण एकच मुद्दा घेऊन आले तर त्याची नोंद घ्यावीच लागते. महापालिकेत अंदाजपत्रकाचे काम कर, अर्थ व अपील स्थायी समितीकडे असते. तिच्या अध्यक्षांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. घटनेच्या २४३-एस कलमाप्रमाणे ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वार्ड समित्या असायला हव्यात. तुमच्या वार्डाची समिती आहे का, तिची बैठक होते का, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

कागद कानडीत असतात ही आपल्या भागातल्या मराठी माणसाची मोठी अडचण. मराठीत कागद मिळावेत ही मागणी योग्य आहे आणि ती चालू राहावी. पण तोवर नाला थांबणार नाही. अंदाजपत्रक वाचायला थोडेच शब्द पुरतात. आयव्यय म्हणजे अंदाजपत्रक, आस्ति तेरिगे म्हणजे घरपट्टी, निर्वहणे म्हणजे देखभाल, चरंडी म्हणजे गटार, ओळचरंडी म्हणजे भुयारी गटार, नीरु सरबराजु म्हणजे पाणीपुरवठा. गल्लीतल्या कानडी शेजाऱ्याला सोबत घ्या. पाणी त्याच्याही घरात शिरते.

माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा कानडीत करा. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क १० रुपये. त्यामुळे एका अर्जात सगळे कोंबू नका. पहिल्या अर्जात फक्त गेल्या तीन वर्षांतल्या तुमच्या नाल्याच्या सफाईची मोजमाप पुस्तकातली पाने आणि टिपरच्या खेपांची नोंद मागा. दुसऱ्या अर्जात देखभालीच्या शीर्षाखाली दरवर्षी किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला ते मागा. तरतूद आणि खर्च यांत मोठी तफावत दिसली तर 'निधी नाही' या उत्तराला तुमच्याकडे कागदी प्रत्युत्तर असेल. तफावत दिसली नाही आणि तरतूदच तुटपुंजी असेल, तर भांडण अधिकाऱ्यांशी न करता अंदाजपत्रकाच्या सभेत नगरसेवकांशी करावे लागेल. कोणाशी बोलायचे हे त्या दोन आकड्यांवर ठरेल.

राहिला घरपट्टी थांबवण्याचा विचार. तुमचा राग मला समजतो, पण तसे करू नका. वर सांगितलेल्या हिशेबात बघा, घरपट्टी थांबली तर कमान थांबत नाही, तिचा पैसा दुसरीकडून येतो. थांबते ती दुसरी थैली, म्हणजे गाळ काढणारे यंत्र, जेटिंगची गाडी, व्हॉल्व्ह दुरुस्ती. शिवाय थकबाकीवर दंड चढत जातो आणि पुढे उतारा किंवा परवानगी घ्यायला गेलात की सगळे एकदम भरावे लागते. उलट एप्रिलमध्ये पूर्ण भरलीत तर ५ टक्के सूट मिळते. गल्लीतल्या सगळ्यांनी एप्रिलमध्ये भरा, पावत्यांच्या प्रती एकत्र करा आणि नाल्याच्या निवेदनाला जोडा. एवढ्या घरांची पूर्ण भरलेली घरपट्टी समोर ठेवून गाळ कधी काढणार असे विचारले, तर पैसे नाहीत म्हणून तुम्हाला परत पाठवणे लेखा विभागालाही सोपे जात नाही. त्या टेबलामागे मी बसलेलो आहे.